शब्दांचे सांधे

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाकडे गावातले लोक मुख्यतः दोन कामांसाठी येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला आणि सरकारी कागद वाचून घ्यायला. पहिल्या कामाला चहा मिळतो. दुसऱ्याला बहुधा नुसता आशीर्वाद. गेली अठरा वर्षे मी आमगावात ही दोन्ही कामे इमानाने करीत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो, की माणूस कागद वाचताना अडतो तो विशेषणापाशी. नाम बिचारे सरळ असते. क्रियापद तर वाक्याच्या शेवटी शिपायासारखे निमूट उभे असते. पण मधले विशेषण! रेल्वे फाटकापाशी कोळशाची मालगाडी आली म्हणजे सायकलवाला एक पाय जमिनीला टेकून डबे मोजीत उभा राहतो, आणि चाळीस-पंचेचाळीस झाले की मोजणे सोडून देतो. लांब विशेषणापुढे वाचणाऱ्याचे असेच होते. फरक इतकाच, की मालगाडीचा एक डबा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे निदान दिसते तरी. विशेषणाची गाडी सगळी एकसंध!

आमचे गाव कुठे आहे ते आधी सांगायला हवे. मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडून पुढे निघाली, की थोड्याच वेळात आमगाव येते. आणखी काही स्टेशने गेली की महाराष्ट्र संपतो आणि छत्तीसगड लागते. उत्तरेच्या अंगाला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे. १९९९ पर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, त्या साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही तिकडे गेलो. मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. बोली मात्र एक नाही. कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी झाडीबोली, कुणाकडे हिंदी, कुणाकडे छत्तीसगढी. पुण्या-मुंबईच्या घरांत पुस्तकातली मराठी कुटुंबातल्या माणसासारखी वावरते. आमच्या वर्गात ती सर्वांचीच पाहुणी असते. पाहुणीचा मान सगळे राखतात, पण तिच्याशी मोकळेपणाने बोलायला सगळेच बिचकतात.

या बिचकण्यावर उपाय शोधता शोधता मी एक साधा हिशेब मांडला. कोणताही शब्द तीन तऱ्हांनी फोडता येतो. एक डोळ्याची फोड, एक कानाची आणि एक मनाची. आमच्या गावाचेच नाव घ्या. डोळ्याला त्यात चार अक्षरे दिसतात : आ, म, गा, व. कानाला मात्र दोनच ठोके ऐकू येतात : आम्, गाव्. आणि मनालाही दोनच तुकडे सापडतात : आम आणि गाव. इथे कानाचे आणि मनाचे एकमत आहे. म्हणून बोबडे बोलणारे पोरसुद्धा हे नाव चुकत नाही.

आता दुसरा एक शब्द घ्या. तो आमच्याकडच्या बहुतेक घरांत तहसीलदाराच्या शिक्क्यासह ट्रंकेत जपून ठेवलेला असतो : अत्यल्पभूधारक. ज्याच्याजवळ एक हेक्टरपर्यंत जमीन तो अत्यल्पभूधारक. एकापेक्षा जास्त पण दोन हेक्टरपर्यंत असेल तर नुसता अल्पभूधारक. जमीन वाढली की विशेषण आखडते, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ज्याच्याजवळ सर्वांत तोकडा तुकडा, त्याच्या गळ्यात सर्वांत लांब शब्द! तालेवार शेतकऱ्याला असल्या विशेषणाची गरजच पडत नाही.

या शब्दाची फोड करून पाहा. डोळ्याला सात अक्षरे : अ, त्य, ल्प, भू, धा, र, क. कानाला सहा ठोके : अत्, यल्, प, भू, धा, रक्. आणि मनाला चारच तुकडे : अति, अल्प, भू, धारक. सात, सहा आणि चार! तिघांचे तीन हिशेब, आणि कुणाचा कुणाशी मेळ नाही. त्यातून 'अति' हा तर इतका ओळखीचा शब्द, की 'अति तिथे माती' ही म्हण आमच्याकडच्या धुणेवालीलाही पाठ आहे. पण 'अल्प'च्या शेजारी बसताच त्याच्यातल्या 'इ'चा 'य' झाला आणि ओळखीचा माणूस गर्दीत हरवला. व्याकरणात याला संधी म्हणतात. ज्याला सांधा ठाऊक आहे त्याला ती संधी. ज्याला ठाऊक नाही त्याची संधी गेली!

शब्दांवरची ही कोटी मला एरवी आवडली असती. पण एका कागदाने तिच्यातली गंमत घालवली.

जवळच्याच एका खेड्यातली ही गोष्ट. बापाचे शिक्षण दुसरी. मुलगी आदल्या वर्षी पास झाली होती आणि तिच्या निकालाच्या कागदावर 'उत्तीर्ण' असे छापले होते. तो शब्द त्याने कुणाकडून तरी वाचून घेतला होता, आणि मग इतक्या वेळा पाहिला होता, की त्याचा चेहरा त्याला पाठ झाला होता. या वर्षी नववीतल्या मुलाचा कागद आला. मुलगा घरी नव्हता. तेंदूपाने तोडायला रानात गेला होता. मे महिन्यात आमच्याकडची कितीतरी पोरे जातात. बापाने कागद उंबऱ्यात बसून स्वतःच वाचला. मुलाचे नाव वाचले, आणि पुढचा शब्द बोट ठेवून दोन दमांत वाचला : 'अन्... उत्तीर्ण.'

वाचक हो, हसू नका. त्याच्या घरात 'अन्' म्हणजे 'आणि'. भाकर अन् मीठ, बैल अन् बंडी, तशीच पोरगी उत्तीर्ण अन् पोरगाही उत्तीर्ण. त्याने बाजारातून अर्धा किलो पेढे आणले, मारुतीपुढे ठेवले आणि घरोघर वाटले. संध्याकाळी मुलगा पानांचे ओझे घेऊन परत आला, तेव्हा शेजारणीने त्याच्या तोंडात पेढा घातला. त्याने कागद पाहिला. त्याला अर्थ कळला. तो काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी बाप माझ्याकडे आला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात माझ्या वाट्याचा पेढा. 'सर, पाहा तरी,' म्हणाला. मी पाहिले, आणि जे होते ते सांगितले. दुसरे करण्यासारखे काही नव्हते. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, 'मंग नापास असं लिवाले काय झालं होतं?' याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कागदाच्या चार घड्या करता करता तो आणखी एक वाक्य बोलला. ते मी विसरू शकत नाही. 'अन् माह्या पोरानं दोन दिस ते पेढे गिळले कसे असतीन, सर?'

पोराने ते वर्ष पुन्हा काढले. पुढे दहावीही झाला. आज तो एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो आणि चोख लिहितो. पण मला नवल वाटले ते बापाचे. व्याकरणाच्या दृष्टीने त्याने शब्द अगदी बरोबर फोडला होता. 'अनुत्तीर्ण' हा शब्द कान फोडतो तो 'अ-नुत्-तीर्-ण' असा. डोळ्याला त्यात 'अनु' दिसते. माझे कित्येक विद्यार्थी तिथेच फसतात आणि अनुदान, अनुभव, अनुक्रम यांच्या पंगतीला त्याला नेऊन बसवतात. या गृहस्थाने खरा सांधा बिनचूक हेरला : अन् अधिक उत्तीर्ण. फक्त 'अन्' हा नकार आहे हे त्याला कुणी कधी सांगितले नव्हते. अनधिकृत, अनावश्यक, अनपेक्षित या सगळ्या शब्दांच्या दारात तोच नकार उभा असतो, आणि पुढच्या स्वराच्या कुशीत शिरून दिसेनासा होतो. 'उत्तीर्ण'च्या पोटातही पुन्हा दोन तुकडे आहेत : उत् आणि तीर्ण. तीर्ण म्हणजे तरून गेलेला. तरणे, तारू, तीर्थ ही सगळी त्याच कुळातली. वाघ नदीला पूर आला की आमच्याकडचा माणूस अलीकडच्या काठाला पाणी उतरण्याची वाट पाहत बसतो. अनुत्तीर्ण म्हणजे तेवढेच. अजून पलीकडे न गेलेला. हे त्या बापाला उलगडून सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा जरा निवळला. 'मंग पानी उतरलं का जाईन पलीकडं,' तो म्हणाला.

शब्द भलत्या ठिकाणी मोडल्याने फसगत होते ती काही फक्त खेड्यातल्या बापाचीच नाही. पतंजलीने महाभाष्यात एक जुनी कथा सूचित केली आहे. त्वष्ट्याच्या मुलाला इंद्राने मारले. सूड म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला. इंद्राला मारणारा पुत्र वाढावा म्हणून मंत्रात शब्द होता 'इंद्रशत्रु'. आता या सामासिक शब्दाचे दोन अर्थ होतात. आघात शेवटच्या अक्षरावर पडला तर तत्पुरुष : इंद्राचा शत्रू, म्हणजे त्याला मारणारा. आघात पहिल्या पदावर पडला तर बहुव्रीही : इंद्र ज्याचा शत्रू, म्हणजे इंद्राच्या हातून मरणारा. आघात चुकला, अर्थ उलटला, आणि यज्ञातून निघालेला वृत्र इंद्राच्या हातून मेला. एका अक्षरावरचा जोर सरकला म्हणून देवाधर्माच्या जगात एवढा उत्पात. तिथे आमच्या गरिबाचे अर्धा किलो पेढे गेले यात नवल काय!

पण म्हणून लांब शब्द हेच सगळ्याचे मूळ, असे मात्र मला वाटत नाही. आमच्या बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी आहे. तिला सही येत नाही. तिची सून रुसून माहेरी गेली होती, ती परत आली तेव्हा म्हातारी मला म्हणाली, 'आता कशी शेजारच्यांकडल्यासारखी वागते पाहा!' तो शब्द पुन्हा वाचा : शेजारच्यांकडल्यासारखी. चांगला दहा अक्षरांचा! 'अत्यल्पभूधारक' त्याच्यापुढे पोर आहे. त्यात 'शेजार' आहे, 'चा' आहे, अनेकवचनाचा अनुस्वार आहे, 'कडला' आहे, 'सारखी' आहे. हे सगळे तिने एका श्वासात गुंफले आणि तराजूचा काटाही हलू दिला नाही. कारण यातला प्रत्येक सांधा तिच्या जिभेवर लहानपणापासून घासून गुळगुळीत झालेला आहे. मराठी स्वतःचे लांब शब्द असे मागे मागे जोडीत नेते. संस्कृत ते आतून वितळवून ओतते. म्हातारीला पहिली कारागिरी येते. दुसरी तिला कुणी शिकवलीच नाही. लांबीची भीती ही खरे पाहता अनोळखी सांध्याची भीती असते.

आणि गंमत पाहा, ही दुसरी कारागिरी ज्याने शिखराला नेली तो आमच्याच गावच्या शिवेवरचा! आमगावाजवळ पदमपूर नावाचे खेडे आहे. आठव्या शतकाच्या आरंभीचा संस्कृत नाटककार भवभूती आपल्या घराण्याचे मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असे सांगतो. ते पद्मपूर म्हणजे आमचे पदमपूर, असे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादन केले. दुर्ग येथे सापडलेल्या एका अपुऱ्या वाकाटक ताम्रपटातही पद्मपुराचे नाव आहे, आणि मिराशींनी तेही हेच गाव मानले. आमगावातल्या शिक्षणसंस्थेने भवभूतीचेच नाव घेतले आहे. त्यामुळे ज्या मुलाने संस्कृतचे अक्षर पाहिलेले नाही, त्यालाही भवभूती हा चुलत्यामामासारखा वाटतो.

संस्कृत साहित्यशास्त्रात वैदर्भी नावाची एक रीती आहे. थोडे समास, सोपे शब्द, गोड वळण, ही तिची ओळख. तिचे नाव आमच्या विदर्भावरून पडले. उलट लांबच लांब समासांची रीती ती गौडी. आणि विदर्भाच्या या सुपुत्राने काय केले? 'मालतीमाधवा'त त्याने असे समास रचले, की ओळ संपते पण शब्द संपत नाही! दंडीने समासांची रेलचेल हा ओज नावाचा गुण मानला होता आणि तो गद्याचा प्राण म्हटला होता. भवभूतीने तो प्राण पुरेपूर फुंकला. मात्र हाच माणूस 'उत्तररामचरिता'त, जिथे रामाचे काळीज फाटते तिथे, समास गुंडाळून ठेवतो आणि सुटे, साधे शब्द वापरतो. लांब शब्द कुठे शोभतो आणि कुठे माणसाच्या आड येतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. कचेऱ्यांतून मसुदे लिहिणाऱ्यांनी भवभूतीची ही दुसरी बाजूही अभ्यासावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

भवभूतीवर बोलण्याचा कार्यक्रम आमच्याकडे अधूनमधून होतो. अशाच एका कार्यक्रमात एका विद्यार्थिनीला कवीचा परिचय वाचायचा होता. मुलगी घरी पोवारी बोलणारी, बाप वर सांगितलेल्या लांब विशेषणाचा धनी. परिचयात भवभूतीचे बिरुद होते : पदवाक्यप्रमाणज्ञ. तालमीत ती 'पदवा' म्हणून थांबली, मग 'क्यप्र' म्हणाली, मग 'माणज्ञ'. मागच्या बाकावरून हशा उठला. तिचे कान लाल झाले. 'मी नाही वाचणार, सर,' म्हणून तिने कागद माझ्या हातात दिला.

मी तो परत तिच्याच हातात दिला, सोबत पेन्सिलही. म्हटले, सांधा दिसेल तिथे उभी रेघ ओढ. ती कागदाकडे पाहत राहिली. 'पद' तिला ठाऊक होते. तिथे एक रेघ पडली. 'वाक्य' तर पाचवीपासून ओळखीचे. दुसरी रेघ. 'प्रमाण' सापडले तेव्हा ती स्वतःशीच हसली. उरला 'ज्ञ', जाणणारा. पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा, प्रमाण म्हणजे न्याय. या तीन शास्त्रांचा जाणता तो पदवाक्यप्रमाणज्ञ. आठ अक्षरांचा डोंगर चार पायऱ्यांचा झाला. कार्यक्रमाच्या दिवशी तिने तो शब्द असा खणखणीत म्हटला, की मागच्या बाकावर कुणी खोकलेसुद्धा नाही. त्यानंतर तिच्या प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीच्या उभ्या रेघा दिसू लागल्या. माझ्या विषयात ती पहिली आली नाही. पण तिने रेघ ओढायची सोडली नाही.

ही मुलगी पुढे इंजिनियर झाली आणि सध्या पोलंडमध्ये क्राकूव शहरात नोकरीला आहे. पोलंड म्हटल्यावर तुम्हाला ते फार दूरचे वाटेल. पण कोल्हापूरकरांना विचारा. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बायका आणि मुलेच अधिक, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहत होते. ही भाषा पंचगंगेच्या खोऱ्याने तेव्हाच ऐकली आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात ती या मुलीच्या फोनमधून आली, एवढेच.

तिचा पहिला महिना मोठ्या काकुळतीचा गेला. 'सर, इथले शब्द संपतच नाहीत,' ती म्हणे. एके दिवशी मात्र फोनवर तिचा आवाज निराळा लागला. दुकानात ती बिनदारूचे पेय शोधत होती. बाटलीवर शब्द होता 'बेझाल्कोहोलोवी'. दुकानदारीण तो म्हणाली तेव्हा हिच्या कानाला ऐकू आले : बे, झाल्, को, हो, लो, वी. काही अर्थबोध होईना. मग तिने सवयीने बाटलीवर नखाने रेघा ओढल्या. 'बेझ' म्हणजे 'विना'. मधला 'आल्कोहोल' तर ओळखीचाच. आणि शेवटचे 'ओवी' हे विशेषण करणारे शेपूट. 'सर, बेझमधला झ् पुढच्या आच्या मांडीवर जाऊन बसला होता!' ती ओरडलीच. 'हा तर आपला अनुत्तीर्ण!' मी टेबलावर थाप मारली. दोन भाषांत हजारो मैलांचे अंतर, पण आजार एक आणि औषधही एक. तिथल्या शुद्धलेखनाची एक चांगली चाल तिने सांगितली. ओळीच्या शेवटी असा शब्द तोडायची पाळी आली, तर बोलण्यात कुठे का तुटेना, कागदावर तो 'बेझ'च्या पुढे तोडावा, सांधा स्पष्ट असेल तिथे सांध्याचा मान राखावा, असे तिथले नियम सांगतात.

आता आपल्याकडची अरुंद रकान्यांची वर्तमानपत्रे आठवा. खिळे जुळवण्याच्या जमान्यात ओळ भरली की जुळारी शब्द जिथल्या तिथे मोडून उरलेला तुकडा खाली ढकलीत असे. 'अनुत्तीर्ण' मोडायची वेळ आली, तर जोडाक्षर फोडता येत नाही म्हणून वरच्या ओळीत 'अनु' आणि खालच्या ओळीत 'त्तीर्ण'! जुळाऱ्याचा यात काय दोष? आपली लिपीच अशी आहे. ती प्रत्येक व्यंजनाला पुढच्या स्वराच्या कडेवर देते. उच्चारासाठी याहून सुबक लिपी नाही. पण सांधे झाकण्यातही तिचा हात कुणी धरणार नाही.

पोलिश विशेषणांची दुसरी एक रीत मला फारच आवडली. दोन विशेषणांचा जोड करताना ते पहिल्याच्या शेवटी 'ओ' हा स्वर ठेवतात. शिंप्याने टाका घालावा तसा तो दिसतो. आणि दोन्ही गुण बरोबरीचे असले, तर मध्ये आडवी रेघही ओढतात. त्यांचा झेंडा पांढरा आणि तांबडा आहे. तो 'ब्यावो-चेर्वोनी', मध्ये रेघ. पण एक गुण दुसऱ्याची छटा सांगत असेल, तर रेघ नाही. पिवळा-तांबडा म्हणजे दोन रंगांचे कापड असेल तर रेघ ओढायची. पिवळट तांबडा असा एकच रंग असेल तर सलग लिहायचे. आपल्या शाळांत द्वंद्व आणि कर्मधारय शिकवताना मास्तरांचा घसा बसतो. तिथे एका रेघेने काम भागते!

सरकारी मराठीचा उपहास करणे सोपे आहे, आणि तो पुष्कळांनी केलाही आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, राज्यकारभाराचे हजारो शब्द घाईने घडवावे लागले. पदनाम कोशाला लोकांनी बदनाम कोश म्हटले. मला त्या शब्दकारांविषयी सहानुभूती आहे. इंग्रजीतून चालणारा कारभार मराठीत आणायचा, तर शब्द कुठून तरी घडवलेच पाहिजेत, आणि त्यातले कितीतरी आज आपण नकळत वापरतो. जे रुळले त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते : बहुतेकांचे सांधे उघडे आहेत. त्या कोशांच्या आधीचा 'महापौर' घ्या, किंवा त्याच्याही फार आधी लोकांनीच केलेला 'आगगाडी' घ्या. गाडीतली आग केव्हाच विझली, तरी आग आणि गाडी ही दोन पदे शब्दात अजून लख्ख दिसतात. 'विनाअनुदानित' हा शब्द तर शिक्षकांच्या घराघरात ठाऊक आहे; तो ज्याच्या नावापुढे लागतो त्याला पगाराची तारीख विचारू नये. संस्कृतच्या नियमाने त्याचा 'विनानुदानित' व्हायला हवा होता. पण मराठीने इथे संधी केली नाही. 'विना' वेगळा ठेवला, 'अनुदानित' वेगळा ठेवला. शास्त्र्यांना हे खटकेल. मला त्यात मराठीचे शहाणपण दिसते. ज्या शब्दाने पोटावर पाय येतो, तो निदान पहिल्या वाचनात कळला पाहिजे, एवढी माणुसकी तिने राखली आहे.

तेवढेच माझे मागणे आहे. लांब शब्द मोडीत काढा असे मी म्हणत नाही. भवभूतीच्या शेजारी राहून तसे म्हणवत नाही. पण ज्या कागदावर कुणाचे पास-नापास, कुणाची जमीन, कुणाच्या धानाचे पैसे अवलंबून आहेत, त्याच्यावर शब्दाचा सांधा दिसू द्यावा. 'अत्यल्पभूधारक' लिहिताना मध्ये जरा जागा सोडून 'अत्यल्प भूधारक' असे लिहिले, तरी वाचणाऱ्याला श्वास घ्यायला ठिकाण मिळते. आणि आपण घरी बसून एवढे करावे, की पोर लांब शब्दाशी अडखळले तर तो शब्द झटकन आपणच वाचून दाखवू नये. त्याच्या हातात पेन्सिल द्यावी.

परवा त्या मुलीच्या बापाला पन्नासावे वर्ष लागले. तिने फोनवर त्याला त्याचे पोलिश विशेषण शिकवले : 'प्येंचजेशेंचोलेत्नी'. पन्नास वर्षांचा! मी शेजारीच बसलो होतो. म्हातारा म्हणावा असा तो नाही, पण त्या शब्दाने क्षणभर म्हातारा दिसला. मग तिने त्याला तुकडे करून सांगितले. 'प्येंच' म्हणजे पाच, आपल्या पंचाचा भाऊबंद. 'जेशेंचो' म्हणजे दहा, दशाचा भाऊबंद. 'लेत्नी' हे 'लातो'वरून आले आहे, आणि 'लातो' म्हणजे उन्हाळा. ती थंड मुलखातली माणसे वयाची वर्षे उन्हाळ्यांनी मोजतात. पाच, दहा, उन्हाळे.

बापाने तीन बोटे मिटून तुकडे मोजले आणि मान डोलावली. शब्द त्याला पटला होता. एकच गोष्ट पटली नव्हती. 'उन्हाळे कायले मोजतेत ते लोक?' तो म्हणाला. 'पावसाळे मोजावं ना!'

'वर्ष' या शब्दाचा मूळ अर्थ पाऊस, हे मी वर्गात अठरा वर्षे सांगत आलो आहे. त्याला ते सांगायची गरज पडली नाही.